चिऱ्याच्या भिंतींचं घर आणि वायफाय: मागच्या पडवीपर्यंत नेट पोचवायचं कसं

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं घर ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत ७० फूट लांब आहे. मधे चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, चार भिंती, वर माडी, परसात विहिरीच्या बाजूला मांगर, म्हणजे घरापासून वेगळं खोपट. रस्त्यावरचा खांब ओटीच्या बाजूला, म्हणून फायबरची लाइनही तिथेच आली. जोडणीला आलेल्या मुलाने खिडकीतून केबल आत घेतली, टीव्हीच्या मागे डबा बसवला, त्याच्या शेजारीच उभं राहून फोनवर स्पीड दाखवला आणि तो पुढच्या घरी गेला. पुढची दोन वर्षं आई स्वयंपाकघरात नातीशी बोलताना चित्र अडकलं, की हातातलं काम टाकून ओटीवर येत होती. गणपतीत २५ माणसं जमली, की ओटीवरही काही चालत नसे. भाऊ घरून काम करायचं म्हणून पंधरा दिवसांसाठी आला आणि तिसऱ्या दिवशी पुण्याला परत गेला. तेव्हा मी या कामाला हात घातला.

आता नात्यातलं कुणी विचारतं, "मोठ्या घरासाठी कुठला राऊटर घेऊ?" तेव्हा मी आधी विचारतो, की घरात भिंती किती, कशाच्या आणि डबा कुठल्या कोपऱ्यात आहे. पैसे त्या उत्तरानंतर खर्च करायचे. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. पहिल्या तीन पायऱ्यांना जवळजवळ खर्च नाही, आणि काही घरांचं काम तिथेच होऊन जातं.

आधी लाइन तपासा

नेट हळू चालतं याची दोन वेगळी कारणं असू शकतात: बाहेरून येणारी लाइनच हळू आहे, किंवा लाइन ठीक आहे पण वायफाय घरात पोचत नाही. लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला, म्हणजे फायबर ज्यात येते त्या ओएनटीला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. सकाळी एकदा, रात्री नऊच्या सुमाराला एकदा. १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल आणि केबलवर ९० च्या वर मिळत असेल, तर लाइन चांगली आहे. केबलवरच ३० मिळत असेल तर तक्रार कंपनीकडे करायची. नवा राऊटर आणून काही सुधारणार नाही.

इथे एक खूण पाहून ठेवा. प्लॅन ३०० चा आहे आणि केबलवर आकडा नेमका ९३-९४ वर अडतोय, तर बहुधा केबलमधली एखादी तार तुटलेली आहे किंवा मधलं एखादं पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, १०० एमबीपीएसचंच आहे. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एक तार गेली तरी जोडणी चालू राहते, पण मुकाट्याने १०० वर उतरते. हा दोष महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

घराचा नकाशा काढा आणि मोजा

वहीच्या पानावर घराचा साधा नकाशा काढा. कुठली भिंत चिऱ्याची, कुठली विटांची, कुठे स्लॅब, कुठे लाकडी माडी, कुठे पत्रा, हे त्यावर लिहा. लोखंडी कपाटं, फ्रीज, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्याही जागा दाखवा. धातू लहरींना परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं.

मग फोनवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं ॲप घ्या. अँड्रॉइडवर अशी बरीच आहेत. आयफोनवर ॲपलच्या एअरपोर्ट युटिलिटी या ॲपमधला वायफाय स्कॅनर सेटिंगमधून चालू करावा लागतो. त्यात रेंज डीबीएम या मापात दिसते. आकडा वजा असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो. उणे ७५ च्या खाली अडखळायला लागतो आणि उणे ८५ ला फोन नुसता जोडलेला दिसतो, चालत काहीच नाही. फोनवरच्या रेघांवर मात्र विसंबू नका. प्रत्येक कंपनी त्या आपल्या हिशोबाने दाखवते.

प्रत्येक खोलीत जिथे माणूस खरोखर बसतो तिथे उभं राहा, दहा सेकंद थांबा आणि आकडा नकाशावर लिहा. वायफायचे मुख्य पट्टे दोन, म्हणून २.४ गिगाहर्ट्झचा आकडा वेगळा, ५ चा वेगळा. आमच्याकडे ५ गिगाहर्ट्झवर ओटीवर उणे ४०, माजघरात उणे ६१, स्वयंपाकघरात उणे ७९ आणि मागच्या पडवीत काहीच नाही, असं चित्र निघालं.

हे आकडे वाचायचे कसे, तेही सांगतो. डीबीएमचा आकडा ३ ने उतरला की शक्ती निम्मी होते, १० ने उतरला की दहावा भाग उरतो. उणे ४० वरून उणे ६० म्हणजे शंभर पट कमी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं तर साधारण ६ उतरतात. आमच्या दीड फुटी चिऱ्याच्या एका भिंतीनेच त्याहून कितीतरी जास्त खाल्ले. म्हणजे मोठ्या घरात अंतरापेक्षा भिंती जास्त नडतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ ची साधारण साडेपाच. लांब लहर भिंतीतून तुलनेने बरी जाते, पण वेग कमी देते आणि तिच्यावर गर्दीही जास्त. सहा गिगाहर्ट्झवर चालणारे राऊटर तर भिंतीपुढे अजून लवकर थकतात.

सळ्या घातलेला स्लॅब सगळ्यात कठीण. उलट जुन्या घरांतल्या लाकडी फळ्यांच्या माडीतून रेंज सहज वर जाते, मंगलोरी कौलांनाही ती फारशी अडत नाही. आणि कोकणात राहणाऱ्यांनी एक आठवण ठेवावी: जांभा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो. मे महिन्यात जेमतेम पोचणारी रेंज जुलैत पोचत नाही. मोजणी उन्हाळ्यात केली असेल तर ५-६ डीबीची शिल्लक हाताशी ठेवूनच पुढचं ठरवा.

डब्याची जागा बदला

नवीन काही घेण्याआधी हे करून पाहाच. राऊटर टीव्हीमागे, कपाटात, जमिनीवर किंवा घराच्या टोकाला असेल तर त्याची अर्धी मेहनत वाया जाते. घराच्या मध्याजवळ, पाच-सहा फूट उंचीवर, मोकळ्या भिंतीवर तो हवा. फायबरची केबल घरातून आणखी आत नेता येते. कंपनीच्या मुलाला सांगा, गरज पडली तर जास्तीच्या केबलचे पैसे द्या. फक्त ती काटकोनात दुमडू देऊ नका. आतली काच वाकली की प्रकाश गळतो आणि लाइन तुटक चालते.

अँटेना सरळ उभा असेल तर लहरी त्याच्या भोवती आडव्या पसरतात, टोकाच्या दिशेने फार थोड्या जातात. एकाच मजल्यावर पोचवायचं असेल तर अँटेना उभे ठेवा. वर माडीवरही हवं असेल तर एखादा आडवा करा आणि पुन्हा मोजा.

आमचा डबा ओटीवरून माजघराच्या दारावर नेला, तेव्हा स्वयंपाकघर उणे ७९ वरून उणे ६६ वर आलं. आईचा प्रश्न त्या दिवशी सुटला. माडी आणि पडवी राहिली.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी

प्रत्येक पट्ट्यात चॅनेल, म्हणजे वेगवेगळ्या मार्गिका असतात. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलं एकच निवडा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर ८० ठेवा. सोसायटीत शेजारपाजारचे पंधरा राऊटर दिसत असतील तर ४० वर आणा. भारतात ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्ये बिनपरवाना वापराला बराच मोकळा झाला, त्यामुळे तिथे जागा भरपूर आहे. खेड्यात शेजार दूर असतो, हा आपला मोठा फायदा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ (पासवर्डच्या सुरक्षेचे जुना आणि नवा प्रकार) असं मिश्र सेटिंग ठेवा. नुसतं ३ ठेवलं तर जुने टीव्ही जोडत नाहीत.

एक मोठा राऊटर की दोन-तीन छोटे

इथे बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात, म्हणून जरा थांबून लिहितो.

आठ अँटेनांचा, खोक्यावर "३००० चौरस फूट" लिहिलेला राऊटर पाहिला की वाटतं, हा घर व्यापेल. पण तो आकडा कुठल्या भिंतींचं घर धरून काढला, ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. दुसरं म्हणजे वायफाय हे दोघांचं बोलणं आहे. राऊटरचा आवाज मोठा केला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. मागच्या पडवीत फोनला राऊटर ऐकू येईल, पण फोनचं उत्तर चार भिंतींतून परत येणार नाही. प्रक्षेपणाची शक्ती किती ठेवायची यावर नियमांची मर्यादाही आहे, त्यामुळे महागडा राऊटर त्यापलीकडे जाऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. वायफायवर एका वेळी एकच उपकरण बोलतं. लांबच्या कोपऱ्यातला फोन कमी रेंजमुळे हळूहळू बोलतो, तेवढा वेळ बाकी सगळे खोळंबतात. म्हणून पडवीत बसलेल्या एका पाहुण्याच्या व्हिडिओमुळे ओटीवरच्या सगळ्यांचं नेट रखडतं. प्रत्येक माणसाजवळ वायफाय देणारं एक ठिकाण, म्हणजे एक डबा असणं, हाच त्यावरचा खरा उपाय.

तेव्हा नकाशावर पाहा, दोन जाड भिंती किंवा एक स्लॅब ओलांडल्यावर जिथे आकडा उणे ७० खाली जातो तिथे दुसरं ठिकाण लागणार. आमच्या घराला तीन लागली: माजघर, माडी, मागची पडवी. साध्या विटांच्या दुमजली बंगल्याला बहुधा दोन पुरतात, खाली एक आणि वर एक, पण वरचं खालच्याच्या बरोबर डोक्यावर न ठेवता घराच्या दुसऱ्या बाजूला.

वायर टाका

ही ठिकाणं एकमेकांना केबलने जोडा. शक्य असेल तिथे दुसरा विचारच करू नका. रंगकाम, गिलावा, पत्रा बदलणं असं कुठलंही काम निघालं, की आधी पाइप टाकून घ्या. नवं घर बांधत असाल तर प्रत्येक मजल्याच्या मध्यावर एक रिकामा पाइप आणि आत ओढायला दोरी ठेवा. आज नाही वापरला तर पाच वर्षांनी वापराल.

केबल कॅट ६, शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल निम्म्या किमतीला मिळते; तिच्यावर सीसीए असं छापलेलं असतं, कधी तेही नसतं. तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसली तर परत करा. ती ठिसूळ असते, वाकवली की तुटते. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर, घरात ती कधी ओलांडत नाही. विजेच्या तारांच्या पाइपातून नेऊ नका, वेगळा पाइप घ्या. पाइपाशिवाय उघडी तर अजिबात नको, माळ्यावर उंदीर आणि बाहेर खारी तिला ठेवत नाहीत. टोकांना कनेक्टर लावून झाले, की वायरमनकडून टेस्टरने आठही तारा तुमच्यासमोर तपासून घ्या. आठ दिवे क्रमाने लागले पाहिजेत.

मांगर किंवा आउटहाऊस वेगळं असेल तर तिथे तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. आपल्याकडे मे-जून आणि ऑक्टोबरमध्ये विजा पडतात आणि जवळ पडलेली वीज त्या केबलमधून दोन्हीकडची यंत्रं जाळते. जमिनीखालच्या पाइपातून धातू नसलेली फायबर न्या आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरला लॅन केबलशी जोडणारा छोटा डबा, लावा.

काय विकत घ्यायचं

घरगुती वापराला वायफाय ६ ही पिढी पुरेशी आहे. ती २०१९ पासून बाजारात आहे, गर्दीत आधीच्या वायफाय ५ पेक्षा बरी चालते आणि आता आवाक्यात आली आहे. वायफाय ७ साठी आज जास्त पैसे घालण्यापेक्षा तेच पैसे केबल आणि दुसऱ्या ठिकाणावर घाला.

खोक्यावरच्या आकड्याने हुरळून जाऊ नका. एएक्स ३००० म्हणजे २.४ वरचे ५७४ आणि ५ वरचे २४०२ यांची बेरीज करून वर ढकललेली संख्या. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो आणि हा कागदावरचा वेग असतो. एएक्स १५०० सुद्धा १०० च्या प्लॅनला पुरून उरतो. त्याऐवजी तीन गोष्टी पाहा: सगळी पोर्ट गिगाबिट आहेत का, ॲक्सेस पॉइंट मोड (राऊटरचं काम बंद ठेवून नुसतं वायफाय देण्याची सोय) आहे का आणि वॉरंटीची सोय जवळच्या शहरात आहे का. परदेशातून कुणी राऊटर आणणार असेल तर ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय ना, ते आधी विचारा.

जरा जास्त खर्च करायची तयारी असेल, तर छताला लावायचे ॲक्सेस पॉइंट घ्या. टीपी-लिंकचे ओमाडा किंवा युबिक्विटीचे युनिफाय या जातीचे. त्यांना वीज लॅन केबलमधूनच मिळते, त्याला पीओई म्हणतात. म्हणजे माडीवर प्लगपॉइंट नसला तरी चालतं, आणि पीओई स्विच (सगळ्या केबली जिथे जुळतात आणि त्यांतून वीज जाते तो डबा) व ओएनटी एका यूपीएसवर ठेवले की वीज गेली तरी सगळ्या घराचं नेट चालू राहतं. वारंवार लाइट जाणाऱ्या गावात मी हेच सुचवेन.

जोडणी अशी करा

कंपनीचा ओएनटी आहे तसाच राऊटर म्हणून राहू द्या; लँडलाइन त्याच्यावर असेल तर तीही चालू राहील. नव्या प्रत्येक राऊटरला आधी लॅपटॉप जोडून ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, आणि मगच ओएनटीहून येणारी केबल लावा. ही पायरी विसरली तर घरात दोन राऊटर उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटायला लागतात; मग ओटीवरच्या फोनला माडीवरचा प्रिंटर सापडत नाही, टीव्हीवर फोनचं चित्र जात नाही.

सगळ्या ठिकाणी वायफायचं नाव आणि पासवर्ड अक्षरन् अक्षर एकच ठेवा, चॅनेल मात्र वेगवेगळे. २.४ वर माजघराला १, माडीला ६, पडवीला ११. कुठल्या ठिकाणाला जोडायचं ते फोन स्वतः ठरवतो आणि काही फोन जुन्या ठिकाणाला फार वेळ धरून बसतात. तसं दिसलं तर प्रत्येक ठिकाणाची प्रक्षेपणशक्ती मध्यम करा. विचित्र वाटेल, पण आवाज कमी केल्याने फोन जवळच्याकडे लवकर वळतो.

वायर खरोखरच शक्य नसेल तर

भाड्याचं घर असेल, भिंतीला हात लावता येत नसेल, तर मेश, म्हणजे केबलशिवाय आपसात वायफायनेच जोडले जाणारे दोन-तीन डबे, घ्या. ट्राय-बँड, म्हणजे तीन पट्ट्यांचा, घेतला तर ठिकाणांच्या आपसातल्या बोलण्याला वेगळा पट्टा मिळतो. दोन पट्ट्यांच्या डुअल-बँडमध्ये तोच पट्टा दोन्ही कामांना वापरल्याने पुढच्या ठिकाणी वेग साधारण निम्मा उरतो. रेंज नुसती पुढे ढकलणाऱ्या स्वस्त रिपीटरचं दुखणं हेच.

मेशचा दुसरा डबा जिथे नेट पोचत नाही तिथे ठेवण्याची चूक जवळजवळ सगळे करतात. तिथे त्यालाही काही ऐकू येत नाही. तो वाटेत ठेवा, जिथे पहिल्याची रेंज अजून उणे ६०-६५ आहे. शक्यतो दाराच्या सरळ रेषेत, म्हणजे मधे भिंतीऐवजी मोकळा दरवाजा येतो.

विजेच्या तारांतून नेट नेणारे पॉवरलाइन ॲडॉप्टरही मिळतात. मोठ्या घरांत बहुधा थ्री फेज जोडणी असते आणि दोन वेगळ्या फेजवर ते नीट चालत नाहीत, इन्व्हर्टरच्या लाइनवर तर आणखी वाईट. परत करता येण्याच्या बोलीवरच घ्या.

पाहुणे आणि लाइट

गणपतीला, लग्नाला घर भरतं तेव्हासाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वायफायचं नाव आणि पासवर्ड, वेगळं ठेवा. कॅमेरे, प्रिंटर, लॅपटॉप पाहुण्यांच्या फोनपासून वेगळे राहतात आणि सण झाला की तेवढाच पासवर्ड बदलता येतो. काही राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये गेस्ट वेगळं ठेवत नाहीत, घेण्यापूर्वी विचारा. एका नावावर किती उपकरणं जोडता येतील याची मर्यादाही काही ओएनटींमध्ये असते. २५ माणसांचे ४० फोन-टॅब होतात, तेव्हा ती आधीच पाहून ठेवा. सीसीटीव्ही कॅमेरे शक्यतो केबलवर घ्या, ते दिवसरात्र वायफायची जागा अडवतात.

ओएनटी आणि राऊटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून, तेवढाच व्होल्ट आणि निदान तेवढे अँपिअर देणारा घ्या. विजा कडाडायला लागल्या तर मात्र प्लग काढून ठेवा, आई आता न सांगता काढते.

शेवटची मोजणी

सगळं बसलं की पुन्हा तोच नकाशा घेऊन त्याच जागांवर उभं राहा आणि नवे आकडे वेगळ्या शाईने लिहा. मग कुणाला तरी व्हिडिओ कॉल लावा आणि ओटीवरून माजघर, जिना, माडी, परत खाली पडवीपर्यंत बोलत चाला. जिथे चित्र थांबेल तिथे नकाशावर फुली मारा. आमच्याकडे फुली जिन्याच्या वळणावर पडली, माडीचा डबा चार फूट सरकवल्यावर गेली. पडवीत आता उणे ५२ मिळतात. भाऊ पुढच्या पावसाळ्यात महिनाभर राहिला, सकाळचे सगळे कॉल त्याने मागच्या झोपाळ्यावरून घेतले.

नकाशाची एक प्रत मीटरच्या फळीजवळ चिकटवून ठेवा. तीवर कुठली केबल कुठून गेली, कुठल्या डब्याचा ॲडॉप्टर कुठला, ॲक्सेस पॉइंटचे पत्ते काय, एवढं लिहा. पासवर्ड मात्र तिथे लिहू नका, तो घरातल्या वहीत असू द्या.